सहा नग, लाल, हातशिलाई

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. क्रिकेटचे चेंडू बनवणाऱ्या कारखान्यात ते चौतीस वर्षं शिलाईला बसले, आणि शिलाईवर जो सगळ्यात जुना त्याला मास्तर म्हणायचं, अशी तिथली पद्धत होती. कारखाना सुटून दोन वर्षं झाली, नाव सुटलं नाही. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने एकदा अदबीने विचारलं होतं, शाळेत विषय कुठला होता. मास्तर म्हणाले, भूमिती. तेव्हापासून तो औषधवाला त्यांना रांगेत उभं राहू देत नसे.

मास्तरांचे चिरंजीव विमा कंपनीत होते. लोकांचे दावे तपासणं, म्हणजे बहुतेक वेळा नाकारणं, हे त्यांचं काम. उरलेल्या वेळात ते वस्तीतल्या क्रिकेट क्लबचे मानद चिटणीस होते. मानद म्हणजे पगार नाही, आणि शिव्या मात्र पूर्णवेळ. क्लबची वर्षातून एक स्पर्धा होई, आणि तिच्या अंतिम सामन्यासाठी, राखीव धरून, सहा चेंडू मास्तर घरी शिवून देत; आधीच्या फेऱ्या जुन्या चेंडूंवर होत. मागच्या गॅलरीत चेंडू घट्ट धरायचा शिकंजा होता, भोकं पाडायची आरी होती, मेण लावलेला दोरा होता. चामडं आणि आतला कॉर्कचा गोळा बाहेरून आणायचा, बाकी सगळं हातानं. दोन महिन्यांत सहा चेंडू. क्लब फक्त सामानाचे पैसे देई. मजुरी अशी की अंतिम सामन्याला सीमारेषेजवळ मास्तरांची खुर्ची असे, आणि नाणेफेकीआधी पंच चालत खुर्चीपर्यंत येऊन म्हणत, "मास्तर, बघून द्या." मास्तर चेंडू एकदा फिरवत, अंगठा शिवणीवरून नेत आणि परत देत. सगळा मिळून अर्ध्या मिनिटाचा कार्यक्रम. त्या अर्ध्या मिनिटासाठी मास्तर आदल्या दिवशी सदऱ्याला इस्त्री करून ठेवत.

त्या वर्षी दोन चेंडू झाले होते, तिसरा शिकंज्यात होता, आणि चिरंजीवांनी सकाळी चहाच्या वेळी मोबाइल बापाच्या नाकासमोर धरला.

"बाबा, हे बघा. चामडी चेंडू, सहा नग, घरपोच. किंमत बघा."

मास्तरांनी चष्मा शोधला. पडद्यावर लिहिलं होतं : अस्सल चामडी, चार तुकड्यांचा, हातशिलाईचा सामन्याचा चेंडू, लाल, सहा नग. त्याच्याखाली एक मोठी किंमत लिहून तिच्यावर काट मारली होती आणि शेजारी लहान किंमत होती. एवढ्या पैशांत सहा चेंडूंचं चामडंही येत नाही, हे मास्तरांना चष्म्याशिवायही कळलं असतं.

"लोकांनी चांगलं लिहिलंय खाली," चिरंजीव म्हणाले. "हा बघा, पाच तारे. 'चेंडू उत्तम आहे, अजून उघडलेला नाही.'"

"आणि हा खालचा?"

"तो विचारतोय, कुत्र्याला खेळायला चालेल का. उत्तर दिलंय, होय." चिरंजीवांनी पान घाईने वर सरकवलं. "ते सोडा. समितीचं म्हणणं आहे, दरवर्षी तुम्हाला त्रास कशाला. दोन महिने मान मोडून बसता. काल डॉक्टरही म्हणाले."

डॉक्टर म्हणजे क्लबचे कप्तान. दातांचे होते, पण मत सगळ्याच अवयवांवर देत.

"मला त्रास नाही," मास्तर म्हणाले.

"तुम्ही म्हणणार तसं. पण जरा हे बघा तर." चिरंजीवांनी फोटो मोठा केला. "याला म्हणतात हातशिलाई. हात बघा त्या कारागिराचे."

मास्तरांनी बघितलं. दोनच हात होते, मनगटापर्यंत. शिकंज्यात चेंडू, उजव्या करंगळीला चामड्याची पट्टी, दोरा ओढून ताणलेला. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं आणि तसंच दोन फाकांनी वाढलेलं होतं. ते नख मास्तर एकविसाव्या वर्षापासून ओळखत होते. आरी घसरली तो दिवसही त्यांना आठवत होता, शुक्रवार.

फोटो त्यांच्या कारखान्यातल्या शेवटच्या दिवसाचा होता. हाताची शिलाई बंद होणार, चेंडू तयार पोत्यांतून येणार आणि इथे फक्त सोनेरी शिक्का मारला जाणार, असं ठरल्यावर शिलाईची सगळी माणसं एका आठवड्यात घरी गेली. मास्तर सगळ्यात शेवटी. निघताना थोरल्या शेठनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, ज्याच्या तबकडीवर शेठचंच नाव होतं. धाकटे शेठ कॅमेरा घेऊन आले. "मास्तर, जरा हात धुऊन बसा. एक शेवटचा टाका घाला." मास्तरांना वाटलं, आठवण म्हणून काढतायत. त्यांनी हात दोनदा धुतले होते.

"काय हात आहेत," चिरंजीव म्हणाले. त्यांनी फोटो आणखी मोठा केला, इतका की नख तेवढं पडदाभर झालं. "चाळीस वर्षांची मेहनत दिसते की नाही? असं काम करणारी माणसं आता राहिली नाहीत, बाबा."

मास्तरांनी तिथेच सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. हे हात माझे आहेत, आणि या डब्यात येणारा चेंडू या हातांनी शिवलेला नाही. पण झालं असं, की चिरंजीवांना मिसरूड फुटल्यापासून या हातांबद्दल त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघालं होतं : जेवायच्या आधी साबणाने धुवा, मेणाचा वास येतो. आता ते त्याच हातांकडे बघत होते, अगदी जवळून, आणि त्यांच्या आवाजात आदर होता. मास्तरांना तो अजून थोडा वेळ ऐकायचा होता.

"हात चांगले आहेत," ते म्हणाले.

"मग मागवू?"

ओट्याशी उभ्या असलेल्या सूनबाईंनी चहाचं भांडं ठेवायला म्हणून मान वळवली, आणि त्यांची नजर आधी पडद्यावर आणि मग टेबलावरच्या, कपाभोवती धरलेल्या हातांवर गेली. परत पडद्यावर गेली. त्यांनी तोंड उघडलं. मास्तरांनी हात टेबलाखाली घेतले आणि मान किंचित हलवली. सूनबाईंनी तोंड मिटलं.

"मागव," मास्तर म्हणाले.

डबा चौथ्या दिवशी आला. चिरंजीवांनी तो दिवाणखान्यात सगळ्यांसमोर उघडला, म्हणजे बायको आणि बापासमोर. चेंडू लालभडक होते आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत एकेकटे बसले होते. चिरंजीवांनी त्यातला एक बापाच्या हातात दिला.

मास्तरांनी अंगठा फिरवला. चार तुकड्यांचा चेंडू म्हणजे अर्ध्या चेंडूची प्रत्येक वाटी दोन तुकडे आतून जोडून केलेली असते; तो जोड बोटाला लागतो, डोळ्याला जेमतेम दिसतो. इथे तो डोळ्याला छान दिसत होता आणि बोटाला लागत नव्हता. वाटी अखंड एका तुकड्याची होती आणि जोडाची रेघ वरून दाबून काढलेली होती. शिवणीच्या सहा ओळींतल्या दोनच आत गेल्या होत्या, बाकीच्या चार शोभेला होत्या. मास्तरांनी चेंडू कानाशी नेऊन दाबला. आतलं काहीतरी कुरकुरलं.

"कसा आहे?"

ही दुसरी संधी होती. पण हात चांगले आहेत असं चार दिवसांपूर्वी म्हणणाऱ्याने आज चेंडू वाईट कसा म्हणायचा? म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग त्या दिवशी गप्प का बसलात? आणि त्याचं खरं उत्तर बापाने मुलाला देण्यासारखं नव्हतं. शिवाय आता सांगितलं असतं तर समितीने एवढंच ऐकलं असतं, की म्हाताऱ्याचं गिऱ्हाईक गेलं म्हणून तो कुरकुरतोय.

"लाल आहे," मास्तर म्हणाले.

"ते दिसतंय. वजन?"

"वजन आहे."

चिरंजीवांनी तेवढ्यावर मोबाइल उचलला आणि क्लबच्या ग्रुपवर लिहिलं : चेंडू आले. मास्तरांनी स्वतः तपासून पास केले. त्याखाली अकरा जणांनी अंगठे दाखवले. अंगठ्यांपैकी एकाचंही नख चिरलेलं नव्हतं.

अंतिम सामन्याला मास्तर इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले. पंच नेहमीप्रमाणे चालत आले नाहीत. त्यांनी लांबूनच चेंडू उंच करून दाखवला आणि ओरडले, "तुम्ही बघितलेलाच आहे ना मास्तर." मास्तरांनी हात वर केला. त्याचा अर्थ हो असा घेण्यात आला.

चौथ्या षटकात लाल रंग गोलंदाजाच्या पँटला लागला, आणि चेंडू मातकट झाला. आठव्यात तो बटाट्यासारखा दिसू लागला. दहाव्या षटकात पंचांनी तो चेंडूचं माप बघायच्या आपल्या कडीतून घालून बघितला. एका बाजूने गेला, दुसऱ्या बाजूने अडला, मग अडलेल्या बाजूने गेला. तेराव्या षटकात समोरच्या संघाच्या उंच फलंदाजाने जोरात बॅट फिरवली, आणि चेंडू दोन दिशांना गेला. सालपट मिड-ऑफला गेलं आणि तिथे उभ्या डॉक्टरांनी ते पडता पडता झेललं. आतला गोळा पॉइंटच्या डोक्यावरून सीमारेषेबाहेर गेला.

डॉक्टरांनी सालपट हवेत उंच धरून झेल मागितला. समोरच्यांनी चौकार मागितला. एक पंच म्हणाले, चेंडू म्हणजे चामडं. दुसरे म्हणाले, चेंडू म्हणजे गाभा, चामडं म्हणजे कपडे. वीस मिनिटं हा वाद चालला. त्यात नियमांचं पुस्तक एकदाही उघडलं गेलं नाही, कारण ते घरी होतं. शेवटी काहीच घडलं नाही असं ठरलं आणि सगळे, वाद मिटल्यावर माणसं करतात तसे, दोष कुणाला द्यायचा ते बघू लागले. बाकीच्या पाच चेंडूंपैकी तीन पंचांनी दाबून बघितले. तिन्ही कुरकुरले.

मग मैदानातल्या माना एकेक करून खुर्चीकडे वळल्या.

"मास्तर," डॉक्टर सालपट घेऊन आले, "हे तुमच्या नजरेतून सुटलं कसं हो?"

मास्तरांनी सालपट हातात घेतलं. आतली बाजू त्यांनी पहिल्यांदाच बघितली. डिंकाचे ठिपके होते. "सुटलं," ते म्हणाले.

"वय झालं की होतं," डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले. मास्तरांना म्हणाले नाहीत, शेजारी उभ्या चिरंजीवांना म्हणाले. चिरंजीवांनी खाली बघितलं. दाव्याचा कागद परत करताना ऑफिसात ते असंच बघत असावेत.

उरलेला सामना सरावाच्या पिशवीत सापडलेल्या एका जुन्या चेंडूवर झाला. वर्षभर भिंतीवर, सिमेंटवर आणि एकदा गटारात आपटलेला तो चेंडू शेवटच्या षटकापर्यंत गोल राहिला. तो गेल्या वर्षीचा होता आणि गॅलरीत शिवलेला होता. हे फक्त मास्तरांच्या लक्षात आलं. सामना संपल्यावर तो पुन्हा पिशवीत टाकला गेला, तोही कुणाच्या तरी बुटांखाली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. चिरंजीव सकाळपासून मोबाइल घेऊन बसले होते.

"एक तारा देणार आहे. शून्य देता येत नाही म्हणून एक. बाबा, तुम्ही सांगा, मी टाइप करतो. आपल्याला मुद्देसूद लिहायचंय. मोघम तक्रार आली की आम्हीसुद्धा फेकून देतो."

मास्तर खुर्ची ओढून बसले आणि सांगू लागले. वाटी एका तुकड्याची आहे, जोडाची रेघ दाबून काढलेली आहे. सहापैकी दोनच ओळी आरपार आहेत. गाभा अखंड कॉर्कचा नसून भुशाचा आहे, भोवती लोकरीचा दोरा गुंडाळलेला नाही. दोऱ्याला मेण नाही. सांगता सांगता ते खुर्चीत ताठ झाले. कामाबद्दल एवढं सलग ते चौतीस वर्षांत कुणाशी बोलले नव्हते, कारण ज्यांच्याशी बोलता आलं असतं त्यांना हे सगळं माहीत होतं.

चिरंजीव टाइप करता करता थांबले. "बाबा, एवढं सगळं तुम्हाला कळत होतं?"

"कळतं."

"मग त्या दिवशी..." डॉक्टरांचं म्हणणं त्यांना आठवलं असावं. त्यांनी आवाज मऊ केला. "असू दे. होतं असं." आणि बापाच्या गुडघ्यावर थोपटलं.

सूनबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी हातातली पात टोपलीत आपटली.

"तू काय म्हणालीस?" चिरंजीवांनी विचारलं.

"मी काही म्हणाले नाही. या घरात कुणीच काही म्हणत नाही."

"शेवटी एक वाक्य घालतो," चिरंजीव म्हणाले आणि मोठ्याने उच्चारत टाइप केलं, "'फोटोतल्या कारागिराला असं काम करताना लाज वाटली पाहिजे.' बरोबर?"

मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. ते पहिल्या दिवसापासून दहा मिनिटं पुढे होतं.

"लाज कशाला. खंत लिही."

"खंत काय, बाबा. खंत वाटून कोण सुधारतंय? लाजच."

लाजच गेली.

तिसऱ्या दिवशी विकणाऱ्याचं उत्तर आलं. चिरंजीव ऑफिसातून आले ते बूट न काढताच वाचून दाखवू लागले.

"ऐका. 'आदरणीय ग्राहक, आपल्या अभिप्रायाची आम्ही गंभीर दखल घेतली आहे. संबंधित कारागिराला तातडीने कामावरून कमी करण्यात आले आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल आपल्याला सहा नग मोफत पाठवत आहोत.'" त्यांचा आवाज सुरुवातीला विजयी होता. दुसऱ्या वाक्यापासून तो खाली आला. त्यांनी बूट काढले, बसले. "हे जरा जास्त झालं. चेंडू बदलून द्या एवढंच म्हणणं होतं आपलं. एकदम काढून टाकला बिचाऱ्याला. मुलंबाळं असतील त्याला."

"एक मुलगा आहे," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"असेल एखादा. त्या वयाच्या माणसाला असतो."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मग नळ सुरू झाला, नेहमीपेक्षा मोठा.

नंतर चिरंजीव आंघोळीला गेले तेव्हा सूनबाई गॅलरीत आल्या. मास्तर शिकंज्यात अडकलेल्या तिसऱ्या चेंडूवरची धूळ पुसत होते.

"मी सांगते त्यांना," सूनबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आता बास झालं."

"काय सांगशील? त्याने बापाला नोकरीवरून काढलं म्हणून?"

"ते नाही हो बाबा. हात कुणाचे आहेत ते."

"बघितलेत त्याने. आवडले त्याला." मास्तरांनी फडकं झटकलं. "राहू दे तेवढंच."

"निदान चेंडू खराब आहेत हे तुम्हाला कळलं होतं, एवढं तरी सांगू द्या. ते सगळे तुम्हाला..."

"कळलं होतं आणि गप्प बसलो, हे जास्त वाईट की कळलंच नाही, हे?"

सूनबाईंनी विचार केला. त्या आत जाऊन पोळ्या करू लागल्या.

मोफतचे सहा नग त्याच आठवड्यात आले. चिरंजीवांनी या वेळी डबा दिवाणखान्यात उघडला नाही. तसाच दाराशी ठेवला आणि गॅलरीत येऊन उभे राहिले. मास्तर शिवत होते. संध्याकाळचं ऊन जेमतेम शिकंज्यापर्यंत येत होतं.

"बाबा, ते नवीन चेंडू आलेत. पुढच्या वर्षाची सोय झाली. तुम्ही आता त्रास घेऊ नका."

"बघून देऊ?"

चिरंजीवांनी मोबाइल या हातातून त्या हातात घेतला. "नाही, म्हणजे, समितीचं ठरलंय. या वेळी डॉक्टर तपासणार आहेत. तुमच्यावर उगाच कशाला ताण."

"बरं आहे," मास्तर म्हणाले. "त्यांना कीड ओळखायची सवय आहे."

चिरंजीव हसले. बाप रागावला नाही असं बघून त्यांना हायसं वाटलं. जायचं सोडून ते तिथेच कठड्याला टेकले आणि सवयीने मोबाइल उघडला.

"कमाल आहे या लोकांची. फोटो अजून तोच ठेवलाय. ज्याला काढून टाकला त्याचेच हात दाखवून विकतायत." त्यांनी फोटो मोठा केला, नख पडदाभर झालं. "थोडी तरी लाज."

मास्तरांनी करंगळीची पट्टी सारखी केली, सुई आत घातली, पलीकडून काढली आणि दोरा ताणला. टाका दिसेना.

"जरा बाजूला हो," ते म्हणाले. "उजेड अडतोय."

चिरंजीव दोन पावलं सरकले. मान मात्र त्यांनी वर केली नाही.